वर्गात शांत कोपरा केला, आणि ज्याच्यासाठी केला तो बाकाखालीच

तिसरी_ब (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इंदुरात मल्हारगंजाच्या अलीकडे एका शाळेत तिसरीला शिकवते. पुस्तकं इंग्रजी, बोलणं हिंदी, घरी मराठी, अशी आमची खिचडी. वर्गात ४१ पोरं. पहिला मजला, रस्त्याकडची बाजू, दोन खिडक्या, चार ट्यूबलाइट, तीन पंखे. त्यातला मधला पंखा मी रुजू झाले तेव्हापासून खटखटतोय.

यंदा वर्गात एक मुलगा आलाय. त्याला इथे चिनू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. आठ वर्षांचा. ऑटिझम आहे, आईनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांचे कागद दाखवले. वाचतो झकास, पाढे माझ्या पुढे पळतात त्याचे. पण दिवसातून एकदा तरी बिनसतंच. आधी कान दाबतो, मग शर्टाची कॉलर चावतो, मग बाक ढकलतो आणि शेवटी बाकाखाली जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसतो. काढायला गेलं की चावा. जूनमधल्या एका चाव्याची खूण माझ्या मनगटावर अजून आहे.

एका शिबिरात शांत कोपऱ्याचे, म्हणजे बिनसलेलं मूल थोडा वेळ जाऊन बसेल अशा वर्गातल्या जागेचे, फोटो दाखवले होते. म्हटलं आपणही करू. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये चार बाय पाच फुटांची जागा निघाली. खर्च ३,२०० रुपये, त्यातले शाळेने ५०० दिले. चांदण्यांचा निळा पडदा, दिवाळीची रंग बदलणारी झालर, १,४०० रुपयांचा बुडबुड्यांचा दिवा, दोन टेडी, लव्हेंडरच्या वासाचं काहीतरी, आणि व्हिडिओ बघून स्वतः शिवलेली मांडीवर ठेवायची जड पिशवी. आत दीड किलो तूरडाळ.

पहिल्या दिवशी ४१ पैकी ३८ जणांना 'मॅम, बरं वाटत नाहीये' झालं. टेडीचा कान दुपारपर्यंत वेगळा. चिनूने एकदा पडद्यातून आत डोकावून पाहिलं, झालरीचा रंग बदलला, आणि हा कानावर हात ठेवून थेट बाकाखाली. पावसाळा लागल्यावर डाळीत सोंडे झाले. एक किडा त्याच्या चड्डीवरून चालताना शेजारच्या मुलीने सगळ्या वर्गाला दाखवला. पुढचं सांगत नाही.

वर आणखी दोन गोष्टी झाल्या. मी दोन दिवस रजेवर होते तर बदलीवर आलेल्या बाईंनी बडबड करणाऱ्या तिघांना 'जाओ, उस कोने में बैठो' म्हणून तिथे बसवलं. त्यातल्या एकाचे वडील दुसऱ्या दिवशी फाटकावर उभे: हमारे बच्चे को पागलों वाले कोने में क्यों बिठाया? आणि आमच्या मुख्याध्यापिकांना कोपरा इतका आवडलाय की पाहुणे आले की आधी तोच दाखवतात.

काय चुकलं ते सांगा. झालर-बिलर काढायची तयारी आहे. पण मग ठेवायचं काय? आणि बाकीच्या चाळिसांना काय सांगायचं?

सराफ्यातला_बाळू

ताई, राग मानू नका, पण आम्ही एका वर्गात साठ होतो आणि मास्तरांच्या हातात रूळ होता. कुणाला कान दाबायची सवड नव्हती. फार लाड चाललेत आजकाल.

लष्करची_आई (ग्वाल्हेर)

बाळूभाऊ, त्या साठांतलेही काही कान दाबतच होते. ते पाचवीत शाळा सोडून गेले, म्हणून तुम्हाला आठवत नाहीत. माझ्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ त्यातलाच.

तिसरी_ब ताई, मी सविस्तर रात्री लिहिते, पोळ्या लाटायच्यात.

ओटी_बडोदा

मी बडोद्यात मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून उपचार देणारी, चौदा वर्षं. तुम्ही जे केलंत ते मी माझ्या पहिल्या नोकरीत केलं होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आधी तो बुडबुड्यांचा दिवा. ही कल्पना १९७०च्या दशकात नेदरलँड्समधून आली. गंभीर बौद्धिक अक्षमता असलेली माणसं जिथे राहायची अशा संस्थांमध्ये मंद दिवे, बुडबुड्यांच्या नळ्या, मऊ गाद्या असलेल्या खोल्या केल्या, त्यांना स्नूझलेन म्हणतात. तिथे एक माणूस, सोबत त्याचा सांभाळणारा, आणि बाहेरचा सगळा गोंगाट बंद. तोच दिवा ४१ मुलांच्या, आधीच गजबजलेल्या वर्गात आला की त्या गजबजाटात एकाची भर. चिनूला डोळ्यांना आणि कानांना कमी हवंय. तुम्ही प्रेमाने जास्त वाढलंत. (आपल्याकडे पाहुण्यालाही असंच वाढतात.)

म्हणून खरेदी थांबवा आणि एक आठवडा फक्त लिहा. हजेरीपटाच्या मागच्या पानावर किती वाजता बिनसलं आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं, एवढंच. आवाज, उजेड, वास, धक्काबुक्की, तासाची अदलाबदल. कारण बहुतेक वेळा त्याच त्या दोन-तीन गोष्टी असतात.

ट्यूबलाइट जुन्या चोकवाल्या असतील तर कोपऱ्यावरची आधी बदला. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. तुम्हा-आम्हाला दिसत नाही, पण काही मुलांना ती सोसत नाही, आणि चोकची गुणगुण तर त्यांना दुसऱ्या टोकाहून ऐकू येते. पंख्याचा मिस्त्री शंभर-दोनशेत खटखट काढेल. वास पूर्ण बंद करा, लव्हेंडरसुद्धा. दम्याचं एखादं मूल वर्गात असतंच.

आता तो बाकाखाली का जातो ते बघा. तिथे अंधार आहे, तीन बाजू बंद आहेत, अंगाला काहीतरी टेकतं. त्याने स्वतःचा कोपरा आधीच शोधलाय! तुमच्या चार बाय पाचात तेवढंच हवं. पाठ टेकायला भिंत, वर थोडी सावली, खाली जाड काहीतरी. पडदा अर्धाच ठेवा, तुम्हाला खुर्चीतून त्याचं डोकं दिसलं पाहिजे. दार, कडी, दोरी काही नको.

जड पिशवीबद्दल. स्नायू-सांध्यांवर पडणाऱ्या दाबाने काही मुलं खरंच निवतात, अमेरिकेत जीन एअर्स बाईंनी १९७२ सालच्या पुस्तकात हा सगळा विचार मांडला. पण वजनाच्या वस्तूंचा पुरावा प्रत्येक मुलाला लागू पडेल इतका पक्का नाही. तेव्हा देऊन बघा, नको म्हणाला तर विषय संपला. २२-२४ किलोच्या मुलाला मांडीवर एक किलोच्या आसपास पुरे, तेही वर्गात, तुमच्या डोळ्यांसमोर, दहा-पंधरा मिनिटं, आणि ती स्वतः बाजूला सारता आली पाहिजे. गळ्यावर-छातीवर काही नको. डाळ-तांदूळ विसरा, बारीक खडी धुऊन वाळवून जुन्या जीन्सच्या कापडात दुहेरी शिवा.

त्याहून गुणकारी म्हणजे जड काम. वह्यांचा गठ्ठा खालच्या मजल्यावर पोचवणं, भिंत ढकलणं, खुर्चीच्या दोन्ही कडा धरून स्वतःला उचलणं. बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधा, पायाने ती दाबत बसतात आणि लिहीतही राहतात. हे बिनसायच्या आधी करायचं असतं. कॉलर चावायला लागला म्हणजे घंटा झाली. बाक ढकलायला लागला की गाडी सुटली, मग काहीही शिकवता येत नाही, फक्त जागा द्यायची आणि गप्प बसायचं. 'काय झालं बाळा, शांत हो, शांत हो' हा त्याच्या कानाला आणखी एक भोंगाच.

आणि बाकाखालून ओढून काढू नका. चावा त्याचा आहे, पण सुरुवात ओढण्याने होतेय.

तिसरी_ब (इंदूर)

ताई, शेवटची ओळ लागली. पण खरी आहे. उद्यापासून लिहायला घेते.

निवृत्त_मास्तर

बाई, मी रामबागेतला. ३४ वर्षं शिकवलं, गणित आणि थोडंफार सगळंच. त्यामुळे दिव्यांचं-वजनाचं त्या ताईंनी सांगितलं त्यात मी नाक खुपसत नाही. माझं म्हणणं एका शब्दापुरतं आहे.

तुम्ही त्याला 'कोपरा' म्हणता, पोरं 'कोना' म्हणतात. आपल्या शाळांमध्ये कोपरा कशासाठी असतो? उभं राहायला. तोंड भिंतीकडे, नाहीतर अंगठे धरून. मीही उभी केली आहेत पोरं, लपवून काय करू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद झालं, पण शब्दाच्या अंगाला लागलेला वास कायद्याने जात नाही. त्या बदलीच्या बाईंनी मुद्दाम काही केलं नाही. जागेचं नाव ऐकलं, हात सवयीने तिकडे गेला.

नाव बदला, आणि तुम्ही ठेवू नका, पोरांना ठेवू द्या. दुसरं असं की बाकीच्या चाळिसांना तिथे जायची बंदी करू नका. बंदी केली की तो एकट्याचा होतो, आणि एकट्याचा झाला की वेड्याचा होतो. मला स्वतःला भागाकाराच्या तासाला पुष्कळदा वाटायचं की पाच मिनिटं कुठेतरी जाऊन बसावं. स्टाफरूममध्ये चहा असतो म्हणून मास्तर तरतात.

वाळूचं घड्याळ ठेवा, पाच मिनिटांचं. भांडणं मिटतील असं नाही, पण भांडण घड्याळाशी होईल, तुमच्याशी नाही.

लष्करची_आई (ग्वाल्हेर)

पोळ्या झाल्या, भांडी झाली, आता लिहिते. माझा मुलगा आता पंधराचा आहे. तोही असाच.

लहानपणी त्याला बोलता यायचं नाही त्या वेळी. म्हणजे एरवी यायचं, पण बिनसलं की शब्द गायब. शाळेत मॅडम म्हणायच्या, 'हवं असेल तर मागायचं, तोंड आहे ना?' त्याच क्षणी तोंड नसायचं त्याला. मग मी पत्त्याएवढं एक हिरवं कार्ड करून दिलं, त्यावर त्याच्याच पाठमोऱ्या बसलेल्या फोटोचा तुकडा. ते मॅडमच्या टेबलावर ठेवायचं आणि जायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. तिसऱ्या महिन्यात तो कार्ड न ठेवता नुसता टेबलाला बोट लावून जायला लागला.

आणि परत आल्यावर 'आता बरं वाटतंय ना?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. गणित कुठल्या पानावर आहे ते सांगा फक्त.

मुख्याध्यापिकांसाठी एक सांगते. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ मध्ये अक्षमतेचे २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. कलम १६ प्रमाणे सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. हे भांडायला नाही सांगत, मी भांडून बघितलंय, त्यात वर्ष गेलं. पण 'मॅडम, हे पाहुण्यांसाठी नाही, कायद्यात बसणारी सोय आहे' असं म्हटलं की फोटो काढायची हौस जरा कमी होते.

सराफ्यातला_बाळू

वाचलं सगळं. माझ्या पुतण्याचं लग्न होतं मागच्या वर्षी, बँड वाजला की बहिणीचा मुलगा गाडीत जाऊन बसायचा आणि आम्ही हसायचो. बरं, ते कान झाकायचं यंत्र सियागंजात मिळतं, हार्डवेअरवाल्यांकडे. ग्राइंडरवाले घालतात ते. पाहिजे तर मी आणून देतो.

ओटी_बडोदा

बाळूभाऊ, आणा की! फक्त मोठ्यांच्या मापाचं मुलाच्या डोक्यावरून घसरतं, पट्टी लहान होते का बघून घ्या. आणि तिसरी_ब ताई, ते ठरावीक आवाजापुरतंच. दिवसभर घातलं तर नंतर साधा आवाजही जास्त टोचायला लागतो.

तिसरी_ब (इंदूर)

महिन्याने येतेय. स्वातंत्र्यदिन, मग तिमाहीची तयारी, सवडच मिळाली नाही.

आधी त्या मागच्या पानाचं. पहिल्या आठवड्यात ११ नोंदी झाल्या. त्यातल्या ७ सकाळी नऊ ते नऊवीसच्या मधल्या! मी कपाळाला हात लावला. त्या वेळी खिडकीखाली कचरागाडी थांबते, गाणं लावून. आपलं शहर २०१७ साली स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हापासून त्या गाण्याशिवाय सकाळ होत नाही, आणि मला ते इतकं अंगवळणी पडलंय की ऐकूच येत नाही. चिनूला मात्र ते गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतं. माझ्या नोंदीत 'कारण नसताना कान दाबले' असं लिहिलंय, आणि खाली चार मिनिटांनी 'गाडी आली.' उरलेल्यांपैकी तीन डब्याच्या सुट्टीनंतरच्या. पंखे बंद, ४१ डबे उघडलेले, पोहे, लोणचं, कुणाचं अंडं. मी स्वतः तेव्हा दारात उभी असते, हे लिहिताना लक्षात आलं.

आता नऊ वाजता चिनू आणि आणखी एक मूल (रोज वेगळं) वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली मागच्या बाजूच्या ऑफिसात जातात. तिथे गाणं पोचत नाही. खालच्या बाबूंना सांगून ठेवलंय, ते वह्या मोजायचं नाटक करतात. डबे आता व्हरांड्यात.

झालर, दिवा, टेडी घरी नेलं. टेडी माझ्या भाचीने लाटले. लव्हेंडर फेकलं. माझ्या आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी होती, चांगली पाच पदरी, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती दुमडून खाली घातली. चिनू तिच्यावर बसत नाही, तिच्याखाली शिरतो आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहतो, एका ओळीच्या शेवटापर्यंत, मग पुढच्या ओळीवर. मी एकदा मोजलं, चौदा ओळी झाल्यावर तो आपणहून उठला. वाळू केव्हाच संपली होती. मी घड्याळाकडे बघितलं नाही. तोंड गोधडीबाहेर राहतंय ना त्याचं, तेवढं मात्र बघत असते. खडीच्या पिशवीला त्याने हात लावला नाही. ती दुसऱ्याच एका मुलीला लागते, जी आजवर माझ्या खिजगणतीतही नव्हती. गप्प बसायची, नखं खायची, बस.

खुर्च्यांच्या घासण्याचा आवाज ही माझी स्वतःची भर. पोरांना म्हटलं, क्रिकेटचे फाटके टेनिस बॉल आणा. आठवड्यात ६०च्या वर जमले. शिपाईदादांनी चीर पाडून पंधरा खुर्च्यांच्या पायांत घातले. आता मागच्या दोन रांगांत खुर्ची सरकली तरी कळत नाही. पुढच्या रांगा रागावल्यात, त्यांनाही हवेत.

आणि मास्तर, नाव. पोरांना विचारलं तर आधी 'कूल कॉर्नर' वगैरे आलं, मग एक जण म्हणाला, 'मॅम, ये तो ओटला है.' सगळ्यांना पटलं. आमच्याकडे घरासमोर ओटला असतो, संध्याकाळी आजी-आजोबा तिथे बसतात, कुणी विचारत नाही का बसलात म्हणून. आता पोरं 'मॅम, ओटले पे' म्हणतात आणि जातात. हिरवं कार्डही आहे, पण ते चिनूच वापरतो. बदलीच्या बाई पुन्हा आल्या होत्या, त्यांना एकाने सांगितलं म्हणे, 'मॅम, ओटले पे सज़ा नहीं होती.'

सगळं गोड नाही. १५ ऑगस्टच्या आधी दहा दिवस खाली मैदानात ड्रमचा सराव होता, तेव्हा बाळूभाऊंनी आणलेलं कानाचं यंत्र असूनही दोनदा बाकाखाली गेला. मी खाली बसले, बोलले नाही. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं लागली आणि तोवर बाकीच्यांनी वर्ग डोक्यावर घेतला, शेजारच्या मॅडम येऊन ओरडून गेल्या. चावा मात्र जुलैपासून नाही. मुख्याध्यापिकांना आता ओटला आवडत नाही. 'पहिला छान दिसायचा,' म्हणाल्या. त्या पालकांचं अजून पटलेलं नाही, त्यांचा मुलगा मात्र रोज जातो.

एक विचारायचं राहिलं. सायकलची ट्यूब तीन आठवड्यांत सैल पडतेय. नवी घेऊ की काय करू?

ओटी_बडोदा

नवी नको. जुनीच दुहेरी गुंडाळा, आणि गाठ बाकाच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला घ्या. आत राहिली तर नखांनी सोडवत बसतात.